अबू बंदूचे वडे

वड्याच्या बाबतीत महाराष्ट्राला कोणी काही शिकवू नये, असे माझे अनेक वर्षांचे मत होते. बटाटेवडा, डाळवडा, साबुदाणावडा, कोथिंबीरवडी, कोंबडीबरोबरचे वडे, झालेच तर श्राद्धाचे वडे. बारशापासून तेराव्यापर्यंत ज्या समाजाने प्रत्येक प्रसंगाला एकेक वडा नेमून दिला आहे, त्या समाजाला परक्या मुलखातल्या वड्यापुढे मान खाली घालून बसलेला मी गेल्या पावसाळ्यात डोळ्यांनी पाहिला. मान माझीच होती. कारण बिल माझ्यापुढे ठेवले होते.

नातीचा अकरावा वाढदिवस होता. तिने निवडलेल्या हॉटेलात ताटाऐवजी लाकडी फळी आली. (ताटे घासायला माणूस मिळत नसावा.) फळीवर सहा वडे, एका वाटीत दह्याचे काहीतरी, आणि चार काकड्यांच्या चकत्या. नाव 'फलाफल'. किंमत ४२० रुपये. आकडा इतका बोलका होता की मला पुढे काही बोलावेच लागले नाही. तरी मी बोललो.

"हे मी घरी करीन," मी म्हणालो. "कुवेतला नऊ वर्षं आम्ही दर शुक्रवारी हेच खात होतो. काय गं?"

शेवटचे दोन शब्द आमच्या सौभाग्यवतींना उद्देशून होते. पण ही खिडकीतून पाऊस पाहण्यात गुंतली होती. फळीवरच्या वड्याला तिने हात लावला नव्हता. लग्नाला ४५ वर्षे झालेल्या नवऱ्याला बायकोच्या न खाण्यातले बारकावे कळायला हवेत. मला वाटले, हिला ॲसिडिटी झाली आहे.

घरी येऊन मी जाहीर केले की येत्या शनिवारपासून दर शनिवारी रात्री सगळे एका वेळी, एका टेबलावर जेवतील, आणि स्वयंपाक मी करीन. ह्या घोषणेचे स्वागत, बँकेत संपाची सूचना लावल्यावर होते तसे झाले. प्रत्येकाने आपल्या सोयीचे काय आणि गैरसोयीचे काय, ते मनातल्या मनात मोजले.

आमच्या घरच्या जेवणाची परिस्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे. नात साडेसहाला जेवते, कारण नंतर तिचा क्लास असतो. मी आणि ही साडेसातला, कारण गोळ्या आठच्या आहेत. सूनबाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. त्या आठनंतर अन्न घेत नाहीत, आणि आठच्या आधी घरी येत नाहीत, त्यामुळे त्या नेमक्या केव्हा जेवतात हा रसायनशास्त्रातलाच प्रश्न आहे. आणि चिरंजीव रात्री दहाला ओट्याशी उभे राहून, कानात बोंडे घालून, अमेरिकेशी बोलत बोलत जेवतात. आमटी भुरकताना ते मधेच 'येस, ॲब्सोल्यूटली' म्हणतात, ते आमटीला उद्देशून असते असा हिचा बरेच दिवस समज होता. घरात जेवणाचे टेबल आहे. सहा माणसांचे आहे. त्यावर इस्त्रीचे कपडे बसतात.

तर ह्या टेबलावरचे कपडे उठवून तिथे माणसे बसवायची, असा माझा बेत होता. फलाफल हे केवळ निमित्त होते. बटाटेवड्याला कोणी आले नसते. घरचा तो घरचाच.

आता कुवेतचे सांगतो.

मी १९८१ साली कुवेतला गेलो. एका कंत्राटदाराच्या कचेरीत हिशेबनीस होतो. नव्या नवरीला घेऊनच गेलो. हवल्ली नावाच्या भागात आम्हाला पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचे घर मिळाले. हवल्लीत तेव्हा पॅलेस्टिनी वस्ती मोठी होती. शाळामास्तर, इंजिनियर, दुकानदार, सगळे आमच्यासारखेच पोटामागे आलेले. फरक एवढाच, की आम्हाला परत जायला गाव होते.

तळमजल्यावर असेच एक कुटुंब राहत होते. त्यातल्या बाई आमच्या हिच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या. मूळच्या याफाच्या. १९४८ साली लहानपणी तिथून निघाल्या, त्या कुठे-कुठे फिरत कुवेतला टेकल्या होत्या. अरबांमध्ये बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारण्याची पद्धत आहे. उम्म म्हणजे आई, अबू म्हणजे बाप. आपल्याकडे चाळीत 'गजूची आई' म्हणतात त्यातलाच प्रकार, फक्त तिथे तो मानाचा. १९८४ साली आम्हाला मुलगा झाला. त्याला आम्ही बंडू म्हणत असू. अरबीत 'ड' नाही. त्यामुळे आमची ही दुसऱ्या दिवसापासून झाली 'उम्म बंदू', आणि अस्मादिक 'अबू बंदू'. मी कुवेतमध्ये पुढची सहा वर्षे ह्या नावाने वावरलो. कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा उधारीच्या वहीत 'अबू बंदू' असेच लिही. नाव ऐकून दोन-तीन वेळा पोलिसांनीही वाट करून दिली.

(हेच बंडू आज ४१ वर्षांचे असून एका कंपनीत फार मोठे कोणीतरी आहेत. त्यांना ह्या नावाने हाक मारायची घरात बंदी आहे.)

शुक्रवार सुट्टीचा. त्या दिवशी तळमजल्यावरून फलाफलची ताटली वर येई. आणि आपल्याकडे आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही, ही कोकणातून आणलेली शिस्त हिने हवल्लीत चालू ठेवली. ताटली खाली जाताना चकल्या घेऊन जाई, थालीपिठे घेऊन जाई. अरबीत 'च' नाही, म्हणून चकलीची 'शकली' झाली; 'प' आणि 'ठ' नाहीत, म्हणून थालीपिठाचे 'तालीबीत' झाले. पण व्याकरणावाचून ताटली कधी अडली नाही. तीही रिकामी येत नसे. नऊ वर्षे ती ताटली जिन्यावरून अशी खाली-वर करत होती. दोन्ही घरांतले मिळून कोणाला फलाफलबद्दल काही विचारायचे सुचले नाही, कारण गोष्ट आयती मिळत असताना तिची कृती विचारणे हे पुरुषाच्या स्वभावात नाही.

ह्याचा परिणाम असा, की पहिल्या शनिवारी मी ओट्यापुढे उभा राहिलो तेव्हा फलाफल हा गोल असतो, बाहेरून तपकिरी आणि आतून हिरवा असतो, आणि तो काबुली चण्याचा असतो, एवढेच माझे ज्ञान होते. इजिप्तमध्ये तो चण्याऐवजी एका जातीच्या वालासारख्या दाण्याचा करतात आणि त्याला 'तामिया' म्हणतात, हेही मला ठाऊक होते. पण हे ज्ञान चणे शिजवायला उपयोगी पडत नाही.

चणे शिजवायला! इथेच घात झाला. पाव किलो काबुली चणे रात्री भिजत घातले, आणि सकाळी कुकरला लावून पाच शिट्ट्या घेतल्या. चणे असे शिजले की बोट लावले तर लाजत होते. ते कुस्करले, कांदा, लसूण, कोथिंबीर, जिरे, मीठ घातले, गोळे केले. गोळे सुरेख दिसत होते. मी नातीला बोलावून ते दाखवले. तिने फोटो काढला. हा फोटो काढला ते बरे झाले, कारण नंतर त्या गोळ्यांचा एवढाच पुरावा मागे राहिला.

पहिला घाणा कढईत सोडला आणि गोळे विरघळले. फुटले नाहीत, विरघळले. तेलात फेस आला, फेसात चणे आले, आणि पाहता पाहता कढईत तेलाची आमटी तयार झाली. ही बाहेर पेपरातले शब्दकोडे सोडवत होती.

"काय झालं?" तिने विचारले.

"काही नाही. पहिला घाणा प्रयोगाचा असतो."

"आणि दुसरा?"

दुसराही प्रयोगाचा झाला. त्या रात्री आम्ही सगळे एका टेबलावर बसलो खरे, पण बाहेरून मागवलेला पिझ्झा खात. चिरंजीवांनी चौथ्या मिनिटाला कानात बोंडे घातली.

सूनबाईंनी मात्र शास्त्रीय कारण सांगितले. "बाबा, शिजवल्यावर चण्यातला स्टार्च आधीच फुगून मोकळा होतो. मग तेलात पडल्यावर धरून ठेवायला काही उरतच नाही. कच्चा भिजलेला चणा वाटला, तर तो स्टार्च तळताना फुगतो आणि सगळ्याला धरतो." हे तिने पिझ्झ्याचा तिसरा तुकडा घेताना सांगितले. आठ वाजून गेले होते. मी घड्याळाकडे पाहिले नाही. घरात एकी टिकवायची तर काही गोष्टींकडे पाहू नये.

दुसऱ्या शनिवारी चणे नुसते भिजवले. शिजवले नाहीत. पण मिक्सर फिरेना म्हणून त्यात पाणी घातले. पाणी घातल्यावर मिक्सर इतका खूश झाला की त्याने चण्यांचे घावनाचे पीठ करून दिले. आता गोळे होईनात. मी इकडेतिकडे पाहिले आणि मराठी माणूस अडचणीत जे करतो ते केले. बेसनाचा डबा काढला.

बेसन घातल्यावर सगळे जुळून आले. गोळे झाले, तळले, फुटले नाहीत, तपकिरी झाले. दही फेटून त्यात मीठ-साखर-जिरे घातले. साडेआठला सगळे टेबलावर. मी छाती पुढे काढून ताट मध्ये ठेवले.

नातीने एक तुकडा मोडला, खाल्ला आणि म्हणाली, "आबा, भजी मस्त झालीत!"

जवळपास तीन हजार किलोमीटरवरून आणलेला पदार्थ पुण्यात येऊन भजी झाला. माणसेही काय वेगळे करतात म्हणा! पण त्या रात्री टेबलावर जरा गंमत आली. भजी ही सोपी वस्तू आहे. तिच्यापुढे कोणी फार वेळ गंभीर राहू शकत नाही. नातीने विचारले, "आबा, कुवेतहून तुम्ही परत का आलात?" आणि मी माझी ती प्रसिद्ध गोष्ट सुरू केली.

ही गोष्ट मी ३५ वर्षे लग्नांत, मुंजींत आणि आगगाडीत सांगत आलो आहे. २ ऑगस्ट १९९० ला, गुरुवारी पहाटे, इराकच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. महिनाभर आम्ही घरात बसून राहिलो. मग सप्टेंबरात, मिळाली ती बस धरून निघालो. कुवेतहून बगदाद, बगदादहून जॉर्डनची सरहद्द, तिथे वाळवंटात तंबू, मग अम्मान. आणि अम्मानहून एअर इंडियाचे विमान. त्या दोन महिन्यांत लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी असे घरी आणले. निघताना माणशी एक पिशवी, असा हिशेब होता. मी माझा नवाकोरा जपानी टेपरेकॉर्डर सोडला. कॅसेटी सोडल्या. हप्ते फेडलेला फ्रीज सोडला.

"आणि तुझ्या आजीने काय घेतलं असेल?" मी नातीला विचारले. इथे मी नेहमी थांबतो. "चकलीचा सोऱ्या! बसमध्ये पिशवी जड लागली म्हणून मी विचारलं, काय आहे गं हे? तर म्हणे, सोऱ्या आहे, हात लावू नका. जग पेटलंय, डोक्यावरून विमानं चाललीत, आणि कोकणातली बाई सोऱ्या छातीशी धरून वाळवंट ओलांडतेय!"

सून हसली. नात हसली. चिरंजीवसुद्धा हसले, त्यांनी ही गोष्ट शंभरदा ऐकली होती तरी. ही उठली, आपले ताट उचलले आणि मोरीकडे गेली. ती प्रत्येक वेळी ह्याच जागी उठते. मी समजत होतो, की तिला पुढची गोष्ट पाठ आहे म्हणून उठते.

तिसऱ्या शनिवारच्या आदल्या रात्री मी चणे भिजत घालून झोपायला गेलो. अकराच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात दिवा होता. ही ओट्याशी उभी राहून माझे चणे उपसत होती.

"अगं, काय करतेस?"

"पाणी कमी घातलंत. दुपटीच्या वर फुगतात ते. उद्या अर्धे कोरडे राहिले असते." तिने चण्यांवर चार बोटे पाणी येईल असे भरले. मग फ्रीजमधून दही काढले, पातळ फडक्यात बांधले आणि नळाला टांगले.

"दही कशाला टांगतेस? श्रीखंड करायचंय?"

"लबने," ती म्हणाली.

हा शब्द मी ३५ वर्षांनी ऐकला. लबने म्हणजे दुसरे-तिसरे काही नाही, आपला चक्का. आपण त्यात साखर घालून पूर्वजांना संतुष्ट करतो; ते मीठ घालून पावाला लावतात. एकाच फडक्यातून निघालेले दोन सख्खे भाऊ. एक गोडाधोडात पडला, दुसरा रोजच्या भाकरीला लागला.

"तुला सगळं येत होतं?" मी विचारले.

"नऊ वर्षं शुक्रवारी सकाळी खाली जाऊन बसत होते मी. तुम्ही झोपलेले असायचात."

"मग दोन शनिवार मला का तेलात पडू दिलंस?"

ह्यावर तिने उत्तर दिले नाही. म्हणाली, "डाळवड्याची डाळ कधी कुकरला लावतात का? आंबेडाळीची लावतात? वड्याची एवढी नावं पाठ आहेत तुमची, एवढं सुचू नये?"

वड्याच्या बाबतीत महाराष्ट्राला कोणी काही शिकवू नये, असे मी सुरुवातीला म्हटले, ते मी मागे घेतो. निदान महाराष्ट्रातल्या पुरुषांपुरते.

शनिवारी सकाळी तिने स्टूल मागवले, माझ्याकडून ते धरवून घेतले, आणि माळ्यावरचा पितळेचा मोठा डबा खाली काढला. डब्यात तिच्या आईची भातुकलीएवढी भांडी होती. त्यांच्या खाली एक जुना टॉवेल. टॉवेल मी ओळखला. कुवेतचा होता.

"हाच का तुझा सोऱ्या?"

तिने टॉवेल सोडला. आत सोऱ्या नव्हता. पितळेची एक वाटीसारखी चपटी गोल वस्तू, तिला मूठ, आणि अंगठ्याने दाबायची एक पट्टी. वाटीत सारण भरायचे, वरून निमुळते करायचे आणि पट्टी दाबली की वडा उडी मारून तेलात. फलाफलचा साचा.

"आणि दिवाळीत तू चकल्या करतेस तो?"

"तो तुळशीबागेतला. आल्यावर पंधरा दिवसांनी घेतला. तुम्ही बरोबर होतात. घासाघीस पण केलीत."

मी खाली बसलो. स्टूल होतेच.

मग तिने सांगितले ते असे. १ ऑगस्ट १९९० ला, बुधवारी, तळमजल्यावरच्या बाई सुट्टीसाठी अम्मानला बहिणीकडे निघाल्या होत्या. दर उन्हाळ्यात जात. जाताना साचा हिच्या हातात ठेवून म्हणाल्या, ह्या शुक्रवारी तू कर, मी सप्टेंबरात आले की मला तुझ्या हातचे खायला घाल, मग बघू काय शिकलीस. हिने साचा ठेवून घेतला. गुरुवारी पहाटे तोफा वाजल्या. तो शुक्रवार काही उजाडला नाही.

"दुसऱ्याची वस्तू," ही म्हणाली. "घर सोडून कसं जायचं? लुटालूट चालली होती. आणि वाटलं, जातोय ते अम्मानवरूनच. भेटतील, देऊन टाकीन."

अम्मानला आमची बस गावातून गेली होती, ते मला आठवत होते. एका कोपऱ्यावर ती थांबली तेव्हा फलाफलच्या दुकानातला एक मनुष्य कागदाची पुडकी घेऊन खिडक्यांशी आला. पैसे घेईना. तीन दिवसांत गरम असे तेवढेच मिळाले होते. मी चार खाल्ले. बंडूने दोन. हिने एक हातात धरला आणि ती खिडकीबाहेर रस्त्यावरच्या बायका पाहत बसली. मला वाटले होते, दमली आहे. आज कळले, ती त्या गर्दीत एक चेहरा शोधत होती. पत्ता ठाऊक नव्हता. आडनाव ठाऊक नव्हते. नऊ वर्षे जिन्यावरून हाक मारून काम भागत होते, आडनावाची गरज कोणाला? त्यांनाही आमचे कुठे ठाऊक होते? त्यांच्या लेखी आम्ही उम्म बंदू आणि अबू बंदू. टपालखाते कितीही चांगले असले, तरी 'अबू बंदू, पुणे' एवढ्यावर पत्र पोचत नाही.

कुवेत सुटल्यावर, १९९१ नंतर, तिथल्या बहुतेक पॅलेस्टिनींना देश सोडावा लागला. आपण बातम्या वाचतो, पान उलटतो. माझ्या घरात हे पान एका बाईने उलटलेच नव्हते.

"मला का नाही सांगितलंस?"

"पुढच्याच आठवड्यात तुमच्या भावाच्या घरी तुम्ही सोऱ्याची गोष्ट सांगितलीत. सगळे हसले. त्या दिवसांत कोणी हसत नव्हतं हो. म्हटलं, हसू देत." मग थोडे थांबून म्हणाली, "नंतर ते संयुक्त राष्ट्रांचे भरपाईचे अर्ज आले. तुम्ही रात्ररात्र बसून भरलेत. काय-काय गमावलं त्याला पानंच्या पानं होती. दुसऱ्याचं काय आपल्याकडे राहिलं, त्याला एक ओळसुद्धा नव्हती."

मी आयुष्यभर हिशेब लिहिले. जमा आणि नावे, ह्या दोन बाजू सोडून जगात तिसरी बाजू नाही, असे मी कित्येक कारकुनांना शिकवले. त्या अर्जात मी टेपरेकॉर्डर पाच कॅसेटींसह लावला होता.

असो. संध्याकाळी काम सुरू झाले. मी आता मदतनीस होतो. कोरडे केलेले चणे, कांदा, लसूण, मूठ-मूठ पार्सली आणि कोथिंबीर, धणे-जिऱ्याची पूड, मीठ. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, पाण्याचा थेंब नाही. रव्यासारखी भरड. मुठीत दाबली तर गोळा, बोटाने टोचली तर मोकळी. ती तासभर फ्रीजमध्ये. चिमूटभर सोडा तळायच्या आधी, आधीपासून नाही. लबन्यात मीठ, वाटलेला लसूण, पुदिना, लिंबू, आणि किसून पिळलेली काकडी.

"ते तिळाचं काहीतरी असायचं ना बरोबर?" मी माझे ज्ञान दाखवले.

"ताहिनी. त्यांच्या घरी तीच असायची. दह्याचं हे आपल्या बंडूसाठी. त्याला तीळ कडवट लागायचा, थुंकून टाकायचा. मग त्या दर शुक्रवारी त्याच्यापुरतं वेगळं करायच्या."

एक कण तेलात टाकला. तो लगेच बुडबुडे घेत वर आला. मग हिने साचा भरला, अंगठा दाबला. पहिला वडा तेलात पडला. आम्ही दोघे कढईकडे असे पाहत होतो, की शाळेच्या निकालालाही बंडूकडे पाहिले नसेल. वडा फुटला नाही.

पाव किलोचे सत्तावीस झाले. साडेआठला सगळे टेबलावर. हिने साच्याची गोष्ट सांगितली. सोऱ्याची गोष्ट मी जिथे थांबून हशा घेतो, तिथून पुढची. कोणी हसले नाही. नातीने फोन उघडून विचारले, "आजी, त्यांचं नाव काय? मी शोधते." हिने बाईंच्या मुलाचे नाव सांगितले. त्या नावाची माणसे फोनवर इतकी निघाली, की नात बोट फिरवून थकली. शेवटी फोन पालथा ठेवून तिने दोन वडे आणखी घेतले.

चिरंजीवांचा कानातली बोंडे चाचपायचा हात मधेच थांबला होता. त्यांनी वडा मोडला, दह्यात पुरता बुडवला, तोंडात टाकला, आणि चावता चावता कपाळाला आठी घातली.

"आई, हे मी कुठेतरी खाल्लंय."

"कुठेतरी नाही," ही म्हणाली. "तळमजल्यावर."

तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याचा फोन दोनदा थरथरला. अमेरिकेला त्या रात्री कोणी 'ॲब्सोल्यूटली' म्हटले नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यामुळे अमेरिकेचे काही बिघडले नाही. शेवटचा वडा ताटात राहिला, तेव्हा त्याने तो ओढून घेतला आणि पुढची ताटली नातीकडे सारत म्हणाला, "दे ते दही इकडे. माझ्यापुरतं केलेलं आहे."

"घे रे बंडू," ही म्हणाली. बंदी मोडल्याबद्दल कोणी हरकत घेतली नाही.

रात्री सगळे झोपल्यावर ही साचा पुसत बसली होती. चिंचेने घासून तो लखलखीत केला होता. टॉवेलात गुंडाळण्याआधी तिने डब्यातून मूठभर काबुली चणे काढले आणि साच्याच्या वाटीत भरले.

"हे कशाला?"

"परत द्यायची वस्तू आहे," ती म्हणाली. "रिकामी कशी ठेवायची?"

तेव्हापासून दर शनिवारी आमच्याकडे फलाफल होतात. ते जुने चणे काढून भिजवायचे, आणि साचा ठेवताना त्यात नवे भरायचे, असा नेम आहे. सोऱ्याची गोष्ट मी सांगायची सोडली. मात्र एक अडचण झाली आहे. मागच्या आठवड्यात एका लग्नात नातेवाइकांनी आग्रह धरला, "ती सोऱ्याची गंमत सांगा ना!" मी म्हणालो, आता ती गंमत राहिली नाही. ते म्हणाले, का? मी साच्याची हकीकत सुरू केली. दोन वाक्ये ऐकून एक गृहस्थ मधेच म्हणाले, "म्हणजे शेवटी वडेच ना हो?"

मी म्हटले, हो. वडेच.